डाउनहिल बाइक विकत घेणं परवडतं का: आमच्या घरातल्या दोन सीझनचा पूर्ण हिशोब

ऑक्टोबर २०२२ मधे नवऱ्याने ३,४०० कॅनडियन डॉलरला एक वापरलेली डाउनहिल माउंटन बाइक घेतली, म्हणजे लिफ्टने डोंगरावर जाऊन फक्त उतारावर चालवायची सायकल. त्या वेळच्या भावाने दोन लाख रुपयांच्या वर. आम्ही व्हँकुव्हरला लागून बर्नबीत राहतो, इथून व्हिस्लरचा बाइक पार्क हायवे ९९ ने साधारण १२० किलोमीटर, आणि ही बाइक जवळजवळ तिथेच चालवायची म्हणून घेतलेली. मी बुककीपिंग करते, घरचा हिशोबही माझ्याकडेच असतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून या सायकलचं प्रत्येक बिल एका एक्सेल शीटमधे टाकलं. २०२३ आणि २०२४ असे दोन सीझन झाले, इथल्या मराठी ओळखीतली दोन-तीन जणं विचारतायत की घ्यावी का, प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

आधी हा नाद आला कुठून ते, कारण त्याशिवाय खर्चाचा अर्थ लागत नाही. नवरा साताऱ्याचा. शाळेत असताना रविवारी वडिलांची काळी रॉड ब्रेकवाली सायकल हाताने ढकलत यवतेश्वरच्या घाटात वर न्यायची आणि एका दमात खाली यायचं, ब्रेकच्या रबराचा जळका वास यायचा आणि खाली आल्यावर रिम हाताला चटका देईल इतकी तापलेली असायची. हे तो अजून इतक्या बारकाईने सांगतो की मला तो वास येतो. नंतर कळलं की हा खेळ जिथे सुरू झाला तिथेही नेमकं हेच चाललं होतं. १९७६ मधे कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावर रेस लावायची, पेडल उलटं दाबून लागणारा कोस्टर ब्रेक असायचा, एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि परत नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच रिपॅक पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही माउंटन बाइक घडवणारी माणसं तिथलीच. म्हणजे खाली सुसाट यायची ओढ आधीची आहे, तिला झेपेल अशी सायकल मागून आली.

आता २०२२ चा उन्हाळा. याच्याकडे तेव्हा १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे चाक तेवढं वर दबू शकतं अशी) साधी ट्रेल बाइक होती, जंगलात पेडल मारत फिरायला उत्तम. ती घेऊन हा चार दिवस व्हिस्लरला गेला. चार दिवसांत मागची रिम दोन जागी चेपली, टायरची बाजू दोनदा फाटली, गिअर बदलणारा डिरेलर जिथे अडकवतात तो हँगर वाकला आणि तिसऱ्या दिवशी लांब उतारावर ब्रेक इतके तापले की लिव्हर हँडलला टेकायला लागला. दुरुस्ती ६१० डॉलर. यात त्या सायकलचा काही दोष नाही, लिफ्टने वर जाऊन दिवसाला दहा-बारा वेळा खाली यायचं हे तिच्यासाठी नव्हतंच. आपण पेडल मारून वर जातो तेव्हा दिवसाला दोन, फार तर तीन उतार होतात, आणि पार्कमधे एका दिवसात आठवड्याची झीज होते. हा फरक नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, आमच्याही आला नव्हता.

मग दोन दिवस त्याने डाउनहिल बाइक भाड्याने घेतली. फुल फेस हेल्मेट (हनुवटीही झाकणारं) आणि पॅड धरून टॅक्ससकट दिवसाला २१० च्या आसपास. पहिल्या दिवशी रात्री घरी आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "आज मला पहिल्यांदा ट्रेल दिसला." मला काही कळलं नाही. मी विचारलं, "मग आधी काय दिसत होतं?" तर म्हणे, "पुढचं चाक."

ते वाक्य मी दोन वर्षांनी समजले, ते पुढे सांगते.

सप्टेंबरभर आमचं घरात यावर बोलणं चाललं. तो म्हणत होता भाड्याचे पैसे वाया जातात, मी म्हणत होते की भाड्यात झीज, टायर, सर्व्हिस सगळं दुसऱ्याच्या माथ्यावर आहे, ते धर आणि मग बोल. शेवटी ठरलं की नवीन घ्यायची नाही. नवीन डाउनहिल बाइक तेव्हा थेट विकणाऱ्या कंपन्यांकडे अमेरिकन साडेतीन हजार डॉलरच्या आसपास सुरू व्हायची आणि कार्बन फ्रेम, वरचे पार्ट्स म्हटलं तर नऊ हजारांच्या पुढे जायची. वापरलेली घ्यायची असेल तर सीझन संपताना घ्यायची, कारण लिफ्ट ऑक्टोबरमधे बंद होते आणि ज्याला हिवाळाभर गॅरेजमधे अडवून ठेवायची नसते तो भाव सोडतो. आमची दोन सीझन चाललेली, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, नवीन असताना साडेसहा हजारांची होती.

एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न मलाही पडला होता. डाउनहिल बाइकला पुढे-मागे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल असतो, म्हणजे चाक वीस सेंटिमीटर वर दबू शकतं. १९९० मधे डुरँगोला पहिली अधिकृत माउंटन बाइक वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा बाजारात जे सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दबते पाय, होते ते पाच सेंटिमीटरही दबत नव्हते, यावरून किती पल्ला गाठलाय बघा. पुढचा फोर्क मोटरसायकलसारखा डबल क्राउनचा, म्हणजे दोन्ही नळ्या हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) खाली आणि वर अशा दोन जागी पकडलेल्या, त्यामुळे चाक दगडात अडकलं तरी फोर्क पिळवटत नाही. बॉक्सर किंवा फॉक्स ४० ही नावं ज्यांनी ऐकलीत ते हेच फोर्क. हेड अँगल, म्हणजे त्या नळीचा जमिनीशी कोन, ६३ अंशांच्या आसपास, पुढचं चाक खूप पुढे, म्हणून तीव्र उतारावर हँडलवरून पलटी व्हायची भीती कमी. चार पिस्टनचे ब्रेक, २०० ते २२० मिलिमीटरच्या डिस्क, सव्वा किलोचा एकेक टायर. मागे फक्त सात गिअर कारण चढायचंच नाही. वजन सोळा-सतरा किलो. सीट एवढी खाली की त्यावर बसून पेडल मारायला गेलं तर गुडघा छातीला लागतो. हिच्यातला सतत देखभाल मागणारा भाग फ्रेम नव्हे, डँपर. चाक दगडावर आपटल्यावर स्प्रिंग दबते आणि ती तेवढ्याच जोरात परत उसळली तर माणूस फेकला जाईल. ते उसळणं तेलातून, छोट्या छोट्या वाटांमधून रोखून सोडायचं काम डँपर करतो, दिवसभर, हजारो वेळा. ते तेल काळं पडतं, सील झिजतात, आणि तिथे मालकाचा खरा खर्च सुरू होतो.

आमची चूक इथेच झाली. सायकल बघायला गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पार्किंगमधे उजेड कमी, रंग छान, विकणारा मुलगा बोलायला चांगला. हा बसला, दोन उड्या मारून बघितल्या, फोर्क दबला, उचलला, बास. मागचं चाक उचलून फ्रेम हलवून बघायला हवी होती ती बघितली नाही. घरी आणून मागचा शॉक (मागच्या चाकाची स्प्रिंग आणि डँपर) काढला तर स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग, हाताने फिरवताना आतून वाळू दळल्यासारखा करकर आवाज. बेअरिंग गंजून बसलेले, सगळे बदलावे लागले, फोर्क आणि शॉकची पूर्ण सर्व्हिस, ब्रेक पॅड, सगळं मिळून ६४० डॉलर. हे आधी दिसलं असतं तर किंमतीतून सहज चारशे कमी झाले असते. म्हणून जे कोणी वापरलेली बघायला जातील त्यांनी दिवसा उजेडी जा, फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा, नख कुठे अडकलं तर ओरखडा आहे आणि तिथून तेल गळणार, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, मागचं चाक उचलून खाली सोडा आणि कान लावा, आणि फ्रेमची खालची बाजू उलटी करून बघा कारण दगड तिथे लागतात. विकणाऱ्याला राग येत असेल तर येऊ द्या.

त्याच्यावर अंगावरचं सामान. फुल फेस हेल्मेट, गॉगल, गुडघ्याचे पॅड, पाठीचं प्रोटेक्टर, ग्लोव्ह्ज, ७८० डॉलर. यात मी एक पैसा कमी करू दिला नाही.

२०२३ चा सीझन तेवीस दिवसांचा झाला. लिफ्ट मे महिन्यात सुरू होते, हा शनिवारी पहाटे निघायचा, जवळच राहणाऱ्या एका मित्राबरोबर, त्यामुळे पेट्रोल अर्धं, आमच्या वाट्याला दिवसाला २२ डॉलर. सीझन पास टॅक्ससकट हजाराच्या घरात. आणि झीज. मागचा टायर सात-आठ दिवसांत संपायचा. वळणाच्या आधी सगळे ब्रेक मारतात त्यामुळे मातीत लाटा पडतात, इथे त्याला ब्रेकिंग बंप्स म्हणतात, ऑगस्टमधे धूळ उडायला लागली की त्या हाताएवढ्या खोल होतात आणि तिथे घसटत गेल्याने टायरचे बाजूचे नॉब, म्हणजे रबरी दाते, मुळापासून चिरतात. मी एक जुना टायर हातात घेऊन बघितला, मधले नॉब निम्मे शिल्लक आणि बाजूचे कान फाटल्यासारखे लोंबत होते. ते बघून पुढच्या टायरच्या पैशावरून मी वाद घातला नाही, कारण त्याच नॉबवर हा वळणात आडवा झोपत असतो. त्या वर्षी टायर चार, ४९०. ब्रेक पॅडचे पाच सेट, १७५. मागची रिम एकदा, मजुरीसकट २१५. किरकोळ ५०. एकूण ९३०.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. किंमत ऐकून पहिलं वाक्य, "अगं, एवढ्या पैशात फटफटी आली असती की." बरोबरच आहे त्यांचं, आली असती. एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन गेलो, पार्कच्या पायथ्याशी जिथे शेवटच्या उड्या मारून सगळे खाली येतात तिथे बाकावर बसवलं. आधी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मग आठ-नऊ वर्षांची पोरं उड्या मारत येताना दिसली, एक आजोबा आले, चिखलाने माखलेल्या दोन मुली हसत हसत येऊन परत लिफ्टच्या रांगेत गेल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "हेपण वर जायला रांगेत उभं राहतात होय, आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखं." आणि मुलगा समोरून आला तेव्हा त्याला एवढंच म्हणाल्या, "हळू ये रे बाबा." त्यानंतर किंमतीचं काही बोलल्या नाहीत.

आता माझं. जून २०२४. मी व्हिस्लरला सोप्या हिरव्या ट्रेलवर भाड्याच्या साध्या बाइकवर दोन-चार वेळा गेले होते, घाबरतच. त्या दिवशी हा म्हणाला, "माझी घेऊन एकदा जाऊन ये, मी खाली थांबतो." उंचीत आमचा फारसा फरक नाही. लिफ्टवर सायकली लटकवायच्या खुर्च्या वेगळ्या असतात, तिथे ती उचलून लावतानाच खांदा भरून आला. वर सपाट भागात तर अगदी जड आणि मंद वाटली, हँडल एका बाजूला पडायला बघतं, मला वाटलं ही आपल्याला झेपणार नाही. मग उतार लागला आणि पंधरा-वीस सेकंदात काहीतरी बदललं. आडवी मुळं आली, नेहमी मी तिथे अंग आखडून घ्यायचे, दात दाबायचे. यावेळी खालून धडधड धडधड असा आवाज आला पण हातापर्यंत फक्त एक दबकी थरथर पोचली, चाकं खाली आपापलं काम करत होती आणि मी वर शांत उभी होते. ब्रेकवर एकच बोट. तिसऱ्या वळणाला लक्षात आलं की मी पुढच्या चाकाकडे बघतच नाहीये. मी पुढचं वळण बघत होते, त्याच्या पुढची झाडं बघत होते, वळणाची भिंत कुठून सुरू होते ते बघत होते. ट्रेल दिसत होता. खाली येऊन मी हेल्मेट काढलं आणि मला काही बोलताच येईना, त्याने विचारलं "काय झालं, पडलीस का?", मी मान हलवली आणि म्हणाले अजून एकदा जाऊ दे.

फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते, फोर्क जिथवर दबला तिथवर ती वर सरकून थांबते. त्याने वाकून ती दाखवली, मी निम्मासुद्धा ट्रॅव्हल वापरला नव्हता. म्हणजे मला जे जाणवलं ते अर्ध्यातलंच, उरलेलं सगळं चुकेल तेव्हा सांभाळायला शिल्लक होतं. लोक म्हणतात ही बाइक वेगासाठी घेतात. माझं मत तेव्हापासून वेगळं आहे. मी काही वेगात गेले नव्हते, मला मिळाला तो वेळ, बघायला आणि ठरवायला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा पडला. मोठ्या उडीवर नव्हे, दिवसाच्या शेवटच्या रनला, म्हणजे शेवटच्या उतारावर, दमलेला असताना, ओल्या मुळावरून पुढचं चाक सरकलं आणि खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, पण सहा आठवडे हात गळ्यात आणि सीझन तिथेच संपला, सतराव्या दिवशी. पासचे उरलेले पैसे गेले ते गेलेच. डॉक्टर, एक्स-रे हे इथल्या सरकारी विम्यात होतं, फिजिओ नाही, ऑफिसच्या विम्यातून वजा जाता ४२० आमच्या खिशातून. आमच्या मुलीला कडेवर घेणं त्याला जमत नव्हतं, गाडी मी चालवत होते, रात्री हा बसून झोपायचा. हे सगळं शीटमधे बसत नाही पण हिशोबात आहेच, आणि जो कोणी घ्यायचा विचार करतोय त्याच्या घरातल्या माणसाने हे वाक्य आधी वाचावं.

तर एकूण. सायकल ३,४००, सुरुवातीची दुरुस्ती ६४०, सामान ७८०, दोन पास २,०००, चाळीस दिवसांचं पेट्रोल ८८०, दोन वर्षांची झीज आणि सर्व्हिस १,६२० (२०२४ मधे ६९०, त्यात ४०० एकट्या फोर्क आणि शॉकच्या सर्व्हिसचे), फिजिओ ४२०. बेरीज ९,७४०. ऑक्टोबर २०२४ मधे एकाने २,३०० ला मागितली होती, दिली असती तर निव्वळ ७,४४०. दिवसाला १८६ डॉलर. रोज सरासरी अकरा रन धरले तर एका रनला १७ डॉलर पडले.

पण पास, पेट्रोल आणि फिजिओ हे भाड्याच्या बाइकवरही गेलेच असते. ते बाजूला काढलं तर सायकलीचा स्वतःचा खर्च ४,१४०, म्हणजे दिवसाला १०३, भाडं २१० च्या समोर. आणि टायर-पॅडची झीज दिवसाला ४० धरून वेगळी केली, तर सायकल, सुरुवातीची दुरुस्ती आणि सामान यातून २,३०० वजा जाता अडकलेले २,५२०, भाड्याच्या मानाने दिवसाला १७० वाचत, साधारण पंधराव्या दिवशी सुटतात. आमचा पंधरावा दिवस पहिल्याच वर्षी जुलैमधे येऊन गेला. माझ्या मते सगळा निर्णय या एका आकड्यावर येतो. सायकल स्वस्त मिळाली का, कार्बनची आहे का, कुठल्या कंपनीची, हे सगळं नंतरचं. दोन सीझनमधे पंधरा दिवस लिफ्टवर जाणार असाल तर घ्या, दहा जाणार असाल तर भाड्याने घ्या आणि निवांत रहा. दिवस मोजताना मनातले मोजू नका, मागच्या वर्षी खरोखर गेलात ते मोजा. हा पहिल्यांदा म्हणाला होता की वर्षाला पस्तीस दिवस जाणार. पाऊस, पाहुणे, ताप, ऑफिस, सगळं होऊन तेवीस झाले, आणि तेही आम्ही जवळ राहतो म्हणून.

आणि ज्यांच्याकडे एकच सायकल राहणार आहे त्यांनी ही घेऊ नये. नॉर्थ शोअरला, म्हणजे व्हँकुव्हरच्या उत्तरेला, फ्रॉम किंवा सीमूरच्या डोंगरावर पेडल मारून जायचं असेल तर १६०-१७० ट्रॅव्हलची एन्ड्युरो बाइक बरी, ती चढतेही आणि वर्षात चार-पाच दिवस जाड टायर लावून पार्कमधेही चालते. साताऱ्याहून भाच्याने फोनवर विचारलं, "मामी, मीपण घेऊ का इकडे?" त्याला मी नको म्हणाले. सह्याद्रीत लिफ्टचा बाइक पार्क नाही, प्रत्येक उतारासाठी ती जीप किंवा टेम्पोत टाकून वर न्यायची, ड्रायव्हर लागणार, आणि सील, शॉकचे पार्ट्स मागवण्यातच पावसाळा जाणार. त्याला म्हटलं चांगली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) घे, उरलेल्या पैशात फुल फेस हेल्मेट घे, आणि मामाला विचार यवतेश्वरला कुठे ब्रेक सोडायचा. दोघं तासभर बोलत होते.

२,३०० ला आम्ही दिली नाही. हात बरा झाल्यावर नोव्हेंबरमधे एका संध्याकाळी त्याने गॅरेजमधे फोर्क उलटा टांगला आणि पहिल्यांदा स्वतः लोअर्स, म्हणजे फोर्कचे खालचे पाय, काढले, दर पन्नास तासांनी करायचं ते काम दुकानात द्यायचं बंद करायचं असं ठरलं होतं. खाली जुनी कढई ठेवली होती. उजव्या पायातून तेल आलं ते चहासारखं, डाव्यातून आलं ते काळं, आणि त्यात ऑगस्टची धूळ बारीक चमकत होती. नवीन तेल मी मापाच्या सिरिंजने ओढून दिलं, त्याचा खांदा अजून पूर्ण वर जात नव्हता. सील किट आणि तेल, ५२ डॉलर, शीटमधे २०२५ चा नवीन रकाना करून पहिल्या ओळीत टाकले. दुसऱ्या ओळीत माझ्या मापाचे गुडघ्याचे पॅड आहेत.